चार दिवस कमी पंच्याहत्तर

१ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँक ऑफ हैदराबाद भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. तिचं कामकाज सुरू झालं होतं ५ एप्रिल १९४२ ला, हैदराबादच्या गनफाउंड्री भागात. अमृतमहोत्सव चार दिवसांवर आलेला असताना संस्था संपली. सरकारी हिशेब ३१ मार्चला बंद होतात. त्या सोयीपुढे चार दिवसांचं कौतुक कोणाला असणार? पाटी बदलली, पासबुकं बदलली, आयएफएससी कोड बदलले. नळदुर्ग, तुळजापूर, उमरगा या पट्ट्यातली जुनी माणसं मात्र अजूनही ‘हैदराबाद बँकेत जाऊन येतो’ असंच म्हणतात.

या बँकेची वाटचाल आज लिहावीशी वाटली ती बिटकॉइनमुळे. क्रिप्टोच्या जाहिराती आता तालुक्याच्या गावातल्या मोबाइलपर्यंत पोचल्या आहेत. त्यांचा मुख्य दावा असा, की बँक नावाच्या मध्यस्थाची गरज संपली. खातं नको, शाखाधिकारी नको, सही जुळत नाही म्हणून परत पाठवणं नको. आकड्यांची एक किल्ली जवळ असली की जगाच्या कुठल्याही टोकाशी व्यवहार करा. हा दावा हसण्यावारी नेता येत नाही. धाराशिव जिल्ह्यात तर नाहीच, कारण इथल्या बँकांनी लोकांना काय काय दाखवलं ते पुढे येईलच. हैदराबाद बँक मुळात जन्मली ती एक चलन सांभाळायला. पुढे ते चलन गेलं, ते छापणारं राज्य गेलं, आणि बँक मात्र उरली. चलन वेगळं असल्याने सामान्य माणसाला कर्ज मिळतं का, हे तपासायला इतकी सोयीची संस्था दुसरी सापडणार नाही.

सुरुवात बँकेच्या जन्माआधीपासून करावी लागते, कारण नळदुर्गचा कर्जाशी संबंध जुना आहे. १८५३ मध्ये हे गावच काय, अख्खा परगणा कर्जापायी गहाण पडला होता. निजामाच्या खर्चाने, पण इंग्रजांच्या हुकमतीत चालणारी ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाची फौज होती. तिचा पगार थकत गेला, कंपनी सरकारचं देणं वाढत गेलं. त्याआधी पामर कंपनीच्या पेढीने आणि हैदराबादच्या सावकारांनी दरबाराला दिलेल्या कर्जांचं व्याज चढलेलं होतंच. शेवटी मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दोआब आणि नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला. तिथला महसूल वसूल करून फौजेचा पगार भागवायचा, असा करार. नळदुर्गचा कारभार पाहायला आला कॅप्टन मेडोज टेलर, ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीचा लेखक. बहमनी सुलतान, आदिलशहा, मोगल अशा धन्यांची सवय असलेल्या किल्ल्याला बहुधा पहिल्यांदाच एक धनको धनी म्हणून मिळाला. १८५७ च्या बंडात निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला, त्याचं बक्षीस म्हणून १८६० मध्ये पन्नास लाखांचं देणं माफ झालं आणि नळदुर्ग परत मिळालं. वऱ्हाड मात्र परत गेलं नाही. सातबाऱ्यावर बोजा चढतो आणि उतरतो, तसं सात वर्षांत एका जिल्ह्याचं झालं.

परत आल्यावर नळदुर्ग पुन्हा सीमेवरचं गाव झालं. पश्चिमेला पंचेचाळीस किलोमीटरवर सोलापूर, मुंबई इलाख्यातलं गिरण्यांचं शहर. तिथे इंग्रजी रुपया, म्हणजे ‘कलदार’. इकडे निजामाचा रुपया, म्हणजे ‘हाली’. पुढच्या काळात त्यावर चारमिनारचं चित्र आलं. कलदारात १८० ग्रेन वजन, हालीत थोडं कमी. सरकारी हिशेबात शंभर कलदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. सोप्या भाषेत सहास सात. बाजारात हा भाव रोज थोडा हलायचा आणि तो हलणारा फरक सराफाच्या गल्ल्यात पडायचा. सीमेवरच्या माणसाला दोन्ही नाणी लागत: माल सोलापूरला विकला तर हातात कलदार, पण महसूल भरायचा तो हालीत. प्रत्येक वेळी बट्टा कापला जाई. आज क्रिप्टोच्या एक्सचेंजवर रुपयाचं नाणं आणि नाण्याचा रुपया करताना जी दोन्ही बाजूंची कापाकापी होते, तिला तेव्हा बट्टा म्हणत. आपलं वेगळं चलन असण्याचा अभिमान दरबाराला होता; त्याची किंमत बाजारातला माणूस मोजत होता.

अभिमान करण्यासारखं त्यात काही नव्हतं असं नाही. पहिल्या महायुद्धात चांदी आणि नाणी दुर्मीळ झाली, तेव्हा १९१८ मध्ये हैदराबादने स्वतःच्या नोटा काढल्या. हिंदुस्थानातल्या संस्थानांमध्ये हा मान एकट्या हैदराबादला मिळाला. सुरुवातीच्या नोटा लंडनच्या वॉटरलो कंपनीत छापल्या जात, नाशिकचा छापखाना सुरू झाल्यावर तिथे. नोटेवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि कन्नडही होती. शाळेत मराठीला जागा मिळवायला मराठवाड्याला झगडावं लागलं, पण नोटेवर मराठी होती. रयतेने पैसा ओळखावा याची गरज रयतेने लिहायला शिकावं याहून मोठी असते, असं त्यातून दिसतं.

या चलनाला सांभाळणारी संस्था असावी म्हणून १९४१ मध्ये हैदराबाद स्टेट बँकेचा कायदा झाला आणि पुढच्या एप्रिलमध्ये बँक उघडली. उस्मानिया सिक्क्याची, म्हणजे हालीची व्यवस्था, संस्थानच्या कर्जरोख्यांचा कारभार आणि त्याच्या जोडीला नेहमीचा बँकव्यवहार अशी तिची कामं होती. म्हणजे एका बाजूने रिझर्व्ह बँकेचं छोटं रूप, दुसऱ्या बाजूने व्यापारी बँक. ही रचना आज मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. बँकेचं पहिलं कर्तव्य नाण्याकडे होतं. नाण्याची किंमत ढळू नये, खजिन्याचा व्यवहार नीट व्हावा, व्यापाऱ्याची हुंडी वटावी. ज्याच्याकडे चार बिघे कोरडवाहू आणि एक बैल, त्याला पेरणीला पैसे कोण देणार, हा प्रश्न त्या कायद्याचा नव्हताच. त्या माणसासाठी सावकार होता. कलदार असो की हाली, त्याचं व्याज दोन्हीत सारखंच चढायचं.

१९४७ नंतर चलनाला हत्याराचं रूप आलं. भारत सरकारशी ‘जैसे थे’ करार झाल्यावर थोड्याच दिवसांत निजाम सरकारने वटहुकूम काढून संस्थानात भारतीय रुपया बेकायदा ठरवला आणि मौल्यवान धातू बाहेर नेण्यावर बंदी घातली. पाकिस्तानला वीस कोटींचे भारत सरकारचे रोखे कर्जाऊ दिल्याचंही उघड झालं. सरदार पटेलांच्या खात्याने या गोष्टी करारभंगाच्या यादीत वर ठेवल्या. सीमेवर राहणाऱ्यांच्या दृष्टीने पाहा: काल ज्या कलदारावर घर चालत होतं तो आज खिशात बाळगणं गुन्हा. दुसऱ्या बाजूने स्वातंत्र्यसैनिकांनाही कळलं होतं की राज्याची नस खजिन्यात आहे. जानेवारी १९४८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सशस्त्र तुकडीने नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटली आणि तो पैसा लढ्याला लावला. मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात उमरीचं नाव आजही अभिमानाने घेतलं जातं. ज्या समाजाने बँकेवरच्या दरोड्याला देशकार्य मानलं, त्या समाजाचं त्या बँकेशी काय नातं असेल, याचा अंदाज बांधता येतो.

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे मेजर जनरल चौधरींच्या फौजा सोलापूरहून निघाल्या आणि पहिल्याच दिवशी नळदुर्गला भिडल्या. बोरी नदीवरचा पूल निजामी सैन्याने उडवायच्या आत हाती आला, म्हणून पुढची वाट मोकळी झाली. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. यानंतरची एक गोष्ट मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत बोलकी वाटते. २० सप्टेंबरला, म्हणजे राज्य पडल्यावर तीन दिवसांनी, लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेतल्या हैदराबाद सरकारच्या खात्यातून १० लाख ७ हजार ९४० पौंड आणि ९ शिलिंग पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या नावे वळवले गेले. ते वळवणारा निजामाचा मंत्री मोईन नवाज जंग. खात्यावर सहीचा अधिकार त्याच्याकडे होता, बँकेने सही पाहिली आणि पैसे दिले. काही दिवसांतच निजामाने रक्कम परत मागितली, बँकेने नाही म्हटलं. मग भारत, पाकिस्तान आणि निजामाचे वारस यांच्यात दावा चालत राहिला. लंडनच्या उच्च न्यायालयाने २ ऑक्टोबर २०१९ ला भारत आणि वारसांच्या बाजूने निकाल दिला. तोपर्यंत रक्कम साडेतीन कोटी पौंडांवर गेली होती.

क्रिप्टोचे समर्थक ही हकिकत ऐकून म्हणतील, पाहा, मध्यस्थ किती वाईट. पैसे एकाहत्तर वर्षं अडकले. मी उलट वाचतो. किल्ली ज्याच्या हातात तोच मालक, हा बिटकॉइनचा नियम इथे लावला असता तर २० सप्टेंबरलाच विषय संपला असता आणि एक पौंडही परत आला नसता. पैसे अडकले, पण अडकल्यामुळेच वाचले. चुकीच्या हाताने केलेला व्यवहार उलटा फिरवता येणं हे संथ, वैतागवाण्या संस्थांचं काम आहे. १८ जुलै २०२४ ला मुंबईच्या वझीरएक्स या एक्सचेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो नाणी चोरीला गेली, तेव्हा लाखो भारतीय ग्राहकांना या फरकाची ओळख झाली.

पुन्हा आपल्या बँकेकडे येऊ. जानेवारी १९५० पासून हैदराबादेत भारतीय रुपया अधिकृत झाला. जुना हाली सहास सात या भावाने सोबत चालत राहिला आणि १९५९ मध्ये पूर्ण बाद झाला. बँकेचं मूळ कामच त्यामुळे गेलं. संस्था अशा वेळी मोडतात. ही मोडली नाही, कारण तिला दुसरं काम सापडलं. १९५३ मध्ये तिने हैदराबाद मर्कंटाइल बँक पोटात घेतली आणि रिझर्व्ह बँकेची प्रतिनिधी म्हणून सरकारी तिजोरीचा व्यवहार सुरू केला. त्याच सुमारास गोरवाला समितीची ग्रामीण कर्जाची पाहणी चालू होती. १९५४ च्या तिच्या अहवालातले आकडे आजही दचकवतात: शेतकऱ्याच्या एकूण कर्जात व्यापारी बँकांचा वाटा ०.९ टक्के, सहकारी संस्थांचा ३.१, सरकारचा ३.३. बाकी बहुतेक सावकार, व्यापारी, जमीनदार, नातेवाईक. देशात एकच रुपया झाला होता, राजे गेले होते, आणि शंभर रुपयांच्या कर्जात बँकेचा एक रुपयाही नव्हता.

या अहवालाने सुचवलेल्या वाटेने इम्पिरियल बँकेची भारतीय स्टेट बँक झाली आणि संस्थानी बँकांनाही त्या कामाला जुंपायचं ठरलं. २२ ऑक्टोबर १९५६ ला हैदराबाद बँक रिझर्व्ह बँकेच्या मालकीची झाली, नाव झालं स्टेट बँक ऑफ हैदराबाद. दहाच दिवसांनी, १ नोव्हेंबरला, हैदराबाद राज्यच नकाशावरून गेलं. मराठवाडा द्विभाषिक मुंबईत, तेलंगण आंध्रात, गुलबर्गा-बिदर-रायचूर म्हैसुरात. बँकेचं मुख्यालय हैदराबादेत आणि शाखा तिन्ही राज्यांत. पुढची साठ वर्षं जुन्या हैदराबाद राज्याचा नकाशा पाहायचा असेल तर या बँकेच्या शाखांची यादी पाहावी, अशी स्थिती राहिली. नळदुर्गच्या माणसाचं सरकार मुंबईत, देव खंडोबा, बाजार सोलापूरला आणि बँक हैदराबादची.

१९५९ मध्ये ती स्टेट बँकेची उपकंपनी झाली. १९६९ नंतर अग्रणी बँक योजना आली, मराठवाड्याच्या अनेक जिल्ह्यांत ते काम हैदराबाद बँकेकडे आलं. विहीर, मोटार, बैलजोडी, पुढे ट्रॅक्टर यांसाठी कर्ज देणं हे आता धोरण होतं. १९७२ चा दुष्काळ, रोजगार हमी, नंतर आयआरडीपी या सरकारी योजनेतल्या म्हशी. या काळात बँकेने खूप कर्ज दिलं आणि त्यातलं बरंच बुडलंही. तिला दोष देणारे तेव्हाही होते. पण शेतकऱ्याच्या दाराशी सावकाराखेरीज दुसरा कुणीतरी पहिल्यांदा पोचला तो याच काळात, आणि तो नवं नाणं घेऊन आला नव्हता. फॉर्म आणि वसुली अधिकारी घेऊन आला होता.

दाराशी खऱ्या अर्थाने पोचली ती मात्र जिल्हा बँक. गावची सोसायटी, गटसचिव, पीककर्ज, मार्चमध्ये भरून एप्रिलमध्ये परत उचलण्याचं ‘नवं-जुनं’, कारखान्याचं ऊसबिल जमा होण्याचं खातं, हे सगळं उस्मानाबाद (म्हणजे आजच्या धाराशिव) जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचं जग. धाराशिवच्या माणसाला ‘पारंपरिक बँकांच्या पलीकडे’ जावंसं का वाटेल, हे समजायला या बँकेकडे पाहावं. ढोकीचा तेरणा कारखाना आणि नळदुर्गचाच तुळजाभवानी कारखाना यांची कर्जं थकली. तुळजाभवानी कारखाना बंद पडला, नंतर भाड्याने चालवायला द्यावा लागला. २००२ मध्ये होम ट्रेड या मुंबईच्या दलाली कंपनीचा सरकारी रोख्यांचा घोटाळा फुटला. नागपूर, वर्धा यांच्यासोबत उस्मानाबाद जिल्हा बँकेचे कोट्यवधी रुपये त्यात गेले. गंमत अशी, की नोंद ठेवणाऱ्यावर विश्वास ठेवून फसण्याचं हे शुद्ध उदाहरण होतं: बँकांनी पैसे दिले, रोखे कधी हातात आलेच नाहीत. ज्या नोंदी सगळ्यांना दिसतात आणि कुणालाही खोडता येत नाहीत अशी खातेवही, म्हणजे ब्लॉकचेन, तेव्हा असती तर हा घोटाळा अवघड झाला असता, हे क्रिप्टोवाल्यांचं म्हणणं मान्य केलं पाहिजे.

खेळ तिथे थांबला नाही. नोटबंदीनंतर सहाच दिवसांनी, १४ नोव्हेंबर २०१६ ला, जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली. ज्यांचं एकमेव खातं जिल्हा बँकेत, ते आपल्याच बँकेच्या दारात उपरे झाले. जानेवारी २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने उस्मानाबादच्या वसंतदादा नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. फरक एवढाच, की ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाखांवर गेलेली होती, म्हणून तिथल्या ९९ टक्क्यांहून जास्त ठेवीदारांचे पूर्ण पैसे सुरक्षित राहिले. शेजारच्या बीडमधल्या ज्ञानराधासारख्या मल्टिस्टेट पतसंस्था कोसळल्या तेव्हा ठेवीदारांना हे कवच नव्हतं. पतसंस्था ठेव विम्यात येत नाहीत. जास्त व्याजाच्या आशेने बँक सोडून बाहेर गेलेल्यांनाच तिथे सर्वांत मोठा फटका बसला.

बिटकॉइनचा पहिला ब्लॉक ३ जानेवारी २००९ चा. बँकांना सरकारी मदत देण्याबद्दलची लंडनच्या वर्तमानपत्रातली त्या दिवशीची बातमी त्यात मुद्दाम कोरलेली आहे. म्हणजे जन्मच बँकांवरच्या रागातून. एकूण २ कोटी १० लाख नाणी, त्याहून जास्त कधीच नाहीत, आणि छापणारा निजाम नाही. भारतात या चलनाची वाटचाल अशी: एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना क्रिप्टोच्या धंद्याशी संबंध तोडायला सांगितलं, ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं, २०२२ च्या अर्थसंकल्पाने नफ्यावर ३० टक्के कर आणि प्रत्येक व्यवहारावर १ टक्का टीडीएस लावला. बंदी नाही, मान्यताही नाही, वटहुकमाऐवजी जकात. महाराष्ट्राला या नाण्याचा मोठा परिचय झाला तो पुण्यात गाजलेल्या गेनबिटकॉइन प्रकरणाने. महिन्याला १० टक्के परतावा, अठरा महिने. हे आश्वासन ऐकून नळदुर्गच्या आठवडी बाजारातली बाईसुद्धा पदर सावरून पुढे गेली असती, पण शिकलेली माणसं थांबली.

घोटाळे बाजूला ठेवू. घोटाळे रुपयातही होतात. मूळ प्रश्न कर्जाचा. क्रिप्टोच्या जगात बँकेशिवाय कर्ज देणारे प्रोग्रॅम आहेत, आणि ते सुंदर चालतात. अट एकच: शंभरचं कर्ज हवं तर दीडशेच्या आसपासचं क्रिप्टो आधी तारण ठेवा. तारणाची किंमत घसरली की प्रोग्रॅम ते आपोआप विकतो, नोटीस नाही, मुदत नाही. १२ मार्च २०२० ला बाजार कोसळला तेव्हा ‘मेकर’ या व्यवस्थेत लोकांचं तारण शून्य बोलीला लिलावात गेलं. ८० लाख डॉलरहून जास्त बुडाले. नळदुर्गच्या शेतकऱ्याला हे यंत्र ओळखायला वेळ लागणार नाही. ज्याच्याकडे आधीच आहे त्यालाच देणारा आणि भाव पडताच तारण गिळणारा माणूस त्याच्या आजोबाने पाहिलेला आहे. आजोबाला निदान त्याच्या ओसरीवर जाऊन हातापाया पडता येत होतं. आता २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून बळकावलेली जमीन परतही मागता येते. प्रोग्रॅमला ओसरी नाही.

पैसे पाठवण्याच्या बाबतीत दावा अधिक खरा आहे. परदेशातून घरी पैसे पाठवताना बँका आणि हवालावाले बरंच कापून घेतात. तिथे डॉलरशी बांधलेली क्रिप्टो नाणी खरोखर स्वस्त पडतात. पण नळदुर्गचा पोरगा दुबईपेक्षा पुण्यात, भिवंडीत, हैदराबादेत जास्त आहे, आणि तो घरी पैसे पाठवतो ते यूपीआयने, फुकट, सेकंदात. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेने क्रिप्टोचा भारतातला निम्मा मुद्दा काढून घेतला. तीही बँकांच्याच अंगावर उभी आहे. रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ पासून मुंबईसह चार शहरांत ई-रुपयाचा प्रयोगही सुरू केला. त्याची गरज नेमकी कुणाला आहे, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

बँकेच्या पलीकडचं अर्थकारण या भागात नव्हतं असं मात्र समजू नये. भिशी आहेच, तिला ना परवाना ना पासबुक, तरी पिढ्यान्‌पिढ्या चालते. शेजारच्या अणदूरचा आणि नळदुर्गचा खंडोबा एकच. मूर्ती वर्षातले पावणेदोन महिने नळदुर्गला आणि उरलेला काळ अणदूरला असते, आणि देव नेताना दोन्ही गावच्या मानकऱ्यांमध्ये लेखी करार होतो. देवाच्या बाबतीतही गावांनी विश्वास एवढाच ठेवला, की सगळ्यांसमोर लिहून घ्यावं. आणि बचत गट. नाबार्डने १९९२ मध्ये पाचशे गटांपासून गट-बँक जोडणी सुरू केली. पुढच्याच वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ ला, किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादच्या पुनर्वसनातून स्वयं शिक्षण प्रयोगसारख्या संस्थांनी बायकांचे गट उभे केले. महिला आर्थिक विकास महामंडळ, नंतर ‘उमेद’ अभियान यांनी ते वाढवले. दहा-बारा बायका, महिन्याची ठरलेली बचत, सगळ्यांसमोर वाचली जाणारी वही, आणि तारण काही नाही. हैदराबाद बँकेसारख्या बँकांनी या वहीवर विश्वास ठेवून कर्ज दिलं, तेव्हा गोरवालांच्या ०.९ टक्क्याला पहिल्यांदा खरं उत्तर मिळालं.

गटातही सगळं आलबेल नाही. खासगी मायक्रोफायनान्सवाले एकेका बाईवर चार-चार कर्जं चढवतात आणि हप्त्याच्या दिवशी दारात बसतात. आणि गटात पंधरा वर्षं न चुकता फेड केलेली बाई एकटीने दुकानासाठी कर्ज मागायला जाते, तेव्हा ती वही तिच्या नावाची पत म्हणून क्वचितच धरली जाते. खोडता न येणारी, कुणालाही तपासता येणारी नोंद इथे उपयोगी पडेल. गडचिरोलीच्या एटापल्लीत मार्च २०२२ मध्ये जातीचे दाखले पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर नोंदवायला सुरुवात झाली, तेव्हा त्यासाठी कुणाला नाणी विकत घ्यावी लागली नाहीत. गटाच्या वहीचंही तसं करता येईल. मग लागेल तो ती नोंद मानणारा शाखाधिकारी, आणि त्याची तर तीनेक वर्षांत बदली होते.